१६ हा आकडा येतो कुठून?

२०२५च्या फेब्रुवारीत आम्ही घरचे सगळे 'छावा' बघायला गेलो होतो. ताई, दाजी, मी आणि सात वर्षांचा भाचा. शंभूराजांचा सिनेमा आहे म्हटल्यावर पोराला घरी ठेवायचा प्रश्नच नव्हता. उलट, मुद्दाम न्यायचा. आमच्यासारखीच सगळी लाइन, प्रत्येकाच्या हाताला एक पोर. गारद झाली, घोषणा झाल्या, पोरगं खूश. आणि मग शेवटचा छळाचा भाग सुरू झाला. त्याने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं ते वर काढलंच नाही. मधूनमधून एकच विचारत होता, "मामा, संपलं का?"

पुढे पाच-सहा रात्री तो ताईला बिलगून झोपला. थिएटरात रडणाऱ्या मुलांचे व्हिडिओ तेव्हा तुम्हीही बघितले असतील. लोकांनी ते कौतुकाने फिरवले. कौतुक वाटण्यासारखंही त्यात होतं, मी नाही म्हणत नाही. पण घरी आल्यावर मी तिकीट काढून बघितलं. त्यावर छापलं होतं, यूए १६+. आमच्यापैकी एकानेही ते वाचलं नव्हतं. दारावरच्या पोऱ्यानेही अडवलं नव्हतं.

त्याने अडवायला हवं होतं असं मला आधी वाटलं. म्हणून थोडं वाचायला घेतलं, तर कळलं की त्याला तो अधिकारच नाही. 'ए' प्रमाणपत्र असेल तर अठराच्या आतल्याला आत सोडणं हा थिएटरवाल्याचा गुन्हा. 'यूए'चं तसं नाही. यूए १६+ याचा कायद्यातला अर्थ एवढाच, की सोळाच्या आतल्या मुलाने हा सिनेमा बघावा की नाही याचा विचार आई-बापाने करावा. नियम करताना सरकारने स्पष्टच सांगितलं की हे वयाचे आकडे शिफारशीपुरते आहेत. म्हणजे त्या दिवशी नियम कोणीच मोडला नव्हता. विचार करायचं काम आमचं होतं, ते आम्ही केलं नाही.

हे कबूल करून मी पुढचा प्रश्न विचारतो. हा १६ आला कुठून? पंधरा का नाही? चौदा का नाही? कोणी डॉक्टरने सांगितलंय का?

इथून पुढे गोष्ट जरा लांब आहे, पण मजेशीर आहे.

आपल्याकडे सिनेमाचा पहिला कायदा १९१८चा. १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळं बसली. सूत्रं पोलीस आयुक्तांच्या हातात. त्या कायद्यात वय हा विषयच नव्हता. सिनेमा एकतर सगळ्यांना दाखवायला लायक, नाहीतर कोणालाच नाही. साहेबाला मुलांची काळजी नव्हती, राज्याची होती. १९२१ साली मुंबईच्या कोहिनूर कंपनीने 'भक्त विदुर' काढला. त्यातला विदुर खादीत आणि टोपीत थेट गांधीजींसारखा दिसत होता. मद्रास आणि कराचीत त्यावर बंदी आली. महाभारतातल्या मारामारीला कोणाचीच हरकत नव्हती, हरकत टोपीला होती.

वय आलं ते स्वातंत्र्यानंतर. १९४९च्या दुरुस्तीने दोन खाने झाले, सगळ्यांसाठी 'यू' आणि प्रौढांसाठी 'ए'. ही अक्षरंसुद्धा आपली नव्हेत, ब्रिटनच्या मंडळाकडून घेतलेली. आणि ते मंडळ सरकारी नव्हतं बरं का, १९१२ साली तिथल्या सिनेमावाल्यांनीच ते काढलं होतं, सरकारने आणि गावोगावच्या कौन्सिलांनी मध्ये पडू नये म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. आपलं केंद्रीय मंडळ १९५१च्या जानेवारीत सुरू झालं, मुंबईतच. १९५२चा कायदा आला, तो दुरुस्त्या होत होत आजही चालू आहे.

या दोन खान्यांवरून एक माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला. ख्वाजा अहमद अब्बास. त्यांनी 'चार शहर एक कहानी' नावाचा सोळा मिनिटांचा माहितीपट काढला होता. मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली इथली श्रीमंती आणि दारिद्र्य शेजारीशेजारी ठेवून. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. मंडळ म्हणालं 'ए' घ्या. अब्बास म्हणाले 'यू' पाहिजे. मग मंडळ म्हणालं, ही दृश्यं कापा, 'यू' देतो. म्हणजे बघा, भांडण बंदीचं नव्हतंच, वयाचं होतं. अब्बासांचा मुद्दा मोठा होता. पुस्तकाला, वर्तमानपत्राला छापण्याआधी परवानगी लागत नाही, मग सिनेमालाच का?

खटला चालू असतानाच सरकारने कापाकापी न करता 'यू' द्यायची तयारी दाखवली. पण अब्बास मूळ प्रश्नावर अडून राहिले. २४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने निकाल दिला, तो अब्बासांच्या विरोधात गेला. न्यायालयाचं म्हणणं असं की चित्रपट माणसाला इतर कुठल्याही कलेपेक्षा जास्त हलवतो, आणि मुलं तर समोरचं खरंच मानतात, कारण 'हे खोटं आहे' असं स्वतःला बजावण्याची समज त्यांना अजून आलेली नसते. म्हणून वयाची वर्गवारी योग्य. हे वाचताना मला खांद्यात तोंड खुपसलेला भाचा आठवला. मात्र त्याच निकालात असंही म्हटलंय की रक्तपात दाखवायलाच मनाई नाही. नादिरशहाने दिल्ली लुटली तो प्रसंगसुद्धा, नीट हाताळला आणि कलाकृतीचा भाग म्हणून आला, तर चालेल. इतिहासातला रक्तपात किती आणि कसा दाखवावा, हा प्रश्न पंचावन्न वर्षांपूर्वीचा आहे तर.

पण मंडळाच्या खोलीत तेव्हा वेगळंच मोजमाप चालू होतं. 'शोले'चं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९७५, आणीबाणी. रमेश सिप्पींनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. सेन्सॉरने अडवलं, शेवट परत शूट करावा लागला, ऐन वेळी पोलीस येतात. का? तर माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेताना दिसतो. रक्त किती आहे हा मुद्दा नव्हता, ते कोणाच्या हातून सांडतंय हा होता. ठाकूरचे हात छाटलेले, इमामसाहेबांचा कोवळा पोरगा मारून घोड्यावर पाठवलेला, हे सगळं राहिलंच. आमच्या पिढीने तो सिनेमा गणपतीच्या पडद्यावर मांडीवर बसून पाहिलाय.

१९८३ साली मधला खाना आला, 'यूए'. बारा वर्षांच्या आतल्यांसाठी पालकांनी ठरवावं. त्याच वेळी मंडळाचं नाव 'सेन्सॉर'चं 'प्रमाणन' झालं, जे आजही कोणी वापरत नाही. या मधल्या खान्यात पुढे गर्दी झाली, आणि तिचं मोठं कारण सरळ पैसा आहे. 'ए' घेतला की अर्धं कुटुंब घरी. त्यात २००५च्या सुमारास मुंबईतल्या एका प्राध्यापिकेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने टीव्हीवर 'ए' सिनेमे दाखवायला मनाई केली. मग काय, 'ए' म्हणजे सॅटेलाइटच्या हक्कांवर पाणी. तेव्हापासून निर्माता मंडळात जातो तो बहुतेक वेळा विचारायलाच, की 'यूए'साठी काय काय कापू? इथे वार कमी करा, तिथे रक्त कमी करा, हा शब्द गाळा. सेकंदांचा हिशेब होतो आणि 'ए'चा 'यूए' होतो. ही घासाघीस आहे. भाजी मंडईत होते तशी, फक्त एसी खोलीत.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. 'यूए' आला त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत जे झालं, त्यात तर आपला अमरीश पुरी होता.

१९८४. स्टीव्हन स्पीलबर्गचा 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम'. मोगँबो व्हायला अमरीश पुरींना अजून तीन वर्षं होती, पण टक्कल याच सिनेमासाठी केलं. ते मोलाराम नावाचा पुजारी झालेत. एका प्रसंगात हा मोलाराम जिवंत माणसाच्या छातीत हात घालून हृदय बाहेर काढतो, ते हातात धडधडत राहतं आणि तो माणूस आगीत सोडला जातो. (भारताचं चित्रण इतकं विचित्र होतं की आपल्या सरकारने पटकथेवर हरकत घेतली आणि चित्रीकरण श्रीलंकेत झालं. माकडाच्या मेंदूची मेजवानी वगैरे आठवत असेल. असो.)

या सिनेमाला तिथे 'पीजी' मिळालं होतं. म्हणजे कोणीही यावं, पालकांनी जरा बघावं. त्याच्या वरचा खाना 'आर', सतरांच्या आतल्याने मोठ्या माणसासोबतच यायचं. मधे काहीच नाही. सुट्टीतला साहसपट म्हणून लोक पाच-सहा वर्षांची पोरं घेऊन गेले आणि मोलारामने हृदय काढलं. लगेच जूनमध्ये स्पीलबर्गच्याच कंपनीचा 'ग्रेमलिन्स' आला, त्यात पिटुकलं भूत मायक्रोवेव्हमध्ये फुटतं. पालक भडकले. स्पीलबर्गने स्वतःच सिनेमावाल्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांना सुचवलं, मधे एक खाना काढा. सिनेमा लागला २३ मे रोजी, 'पीजी-१३' सुरू झालं १ जुलैला. सव्वा महिन्यात! कुठली समिती नाही, कुठला अभ्यास नाही. आज जगभर सिनेमांवर दिसणारा हा १३ जन्माला आला तो एका हृदयामुळे, आणि ते काढणारा हात अमरीश पुरींचा होता.

मुळात ही अमेरिकन वर्गवारीच १९६८ची. तीही सिनेमावाल्यांनीच सुरू केली, कारण शहरं आणि राज्यं स्वतःचे वयाचे कायदे करू लागली होती. ब्रिटनचं १९१२ आठवा. सरकारचा हात येण्याआधी आपणच एक आकडा लावून टाकायचा. तिथे सिनेमा बघून आकडा ठरवतात ते तज्ज्ञ नव्हेत, मुलंबाळं असलेले सामान्य पालक असतात आणि त्यांची नावं सहसा सांगत नाहीत. ही कल्पना मला वाईट वाटत नाही. पण पुढे काय झालं बघा. 'पीजी-१३' हाच सगळ्यात जास्त कमाईचा खाना ठरला, तेव्हा सगळे त्याच्यात शिरायला लागले. २०१३ साली 'पेडियाट्रिक्स' या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात 'पीजी-१३' सिनेमांतला बंदुकीचा हिंसाचार १९८५पासून तिपटीहून जास्त वाढलेला दिसला. रक्त दाखवायचं नाही, गोळ्या कितीही झाडा. पोरांना भीतीपासून वाचवायला काढलेला खाना असा भरला.

ब्रिटनने उलट केलं होतं. १२ म्हणजे १२, पालक सोबत असले तरी आत नाही. २००२ साली 'स्पायडरमॅन'ला हे १२ मिळालं आणि ज्यांच्या दप्तरावर स्पायडरमॅन, त्यांनाच प्रवेश बंद. ओरड झाली, काही गावच्या कौन्सिलांनी परस्पर आकडा खाली आणला, आणि त्याच ऑगस्टमध्ये मंडळाने '१२ए' काढलं. पालक बरोबर असतील तर चालेल. म्हणजे कडक आकडाही शेवटी वाकला.

आता परत आपल्याकडे या, कारण मला सगळ्यात जास्त नवल इथेच वाटलं. आपला 'यूए'चा १२ तीस-चाळीस वर्षं जुना झाल्यावर सरकारने समित्या नेमल्या. २०१३ साली न्या. मुकुल मुद्गल समितीने सुचवलं, १२ आणि १५ असे टप्पे करा. २०१६ साली श्याम बेनेगल समितीनेही तेच, १२ आणि १५. दोन समित्या, एकच आकडे. मग २०२१च्या फेब्रुवारीत मोबाइलवरच्या मालिका-सिनेमांसाठी आयटी नियम आले, त्यात टप्पे होते ७, १३ आणि १६. आणि २०२३ साली सिनेमाचा कायदा बदलला तेव्हा हेच ७, १३, १६ थिएटरात आले. प्रत्यक्षात ते लागू झाले २०२४मध्ये.

२०१६ ते २०२१ या पाच वर्षांत भारतातली मुलं एक वर्षाने मागे गेली का हो? बारावर्षीय जे समजू शकत होता ते समजायला आता तेरा लागतात? मी चेष्टा करतोय, पण प्रश्न खरा आहे. १५ चूक आणि १६ बरोबर असं म्हणायला माझ्याकडे काही नाही. कोणाकडेच असण्याची शक्यता कमी, कारण एक सात वर्षांचं पोर आणि दुसरं सात वर्षांचं पोर यांच्यातच जमीन-अस्मानाचा फरक असतो. माझा दुसरा पुतण्या त्याच वयाचा, तो तोच सिनेमा बघून आला आणि पोळीच्या लाटण्याची तलवार करून हिंडत होता.

आणि प्रत्येक सिनेमाला या चौकटीत बसवणारे कोण? केंद्र सरकारने नेमलेल्या सल्लागार यादीतली चार माणसं आणि एक अधिकारी. ते सिनेमा एकदा बघतात आणि आपापलं मत लिहून देतात. निर्मात्याला पटलं नाही तर मोठी समिती बसते. त्यापुढे अपिलाचं एक न्यायाधिकरण होतं, ते २०२१ साली रद्द केलं, आता थेट उच्च न्यायालय. यादीत यायला बालमानसशास्त्राचं शिक्षण लागत नाही. मार्गदर्शक तत्त्वं आहेत, १९९१ची: विनाकारण हिंसा नको, क्रौर्याचं कौतुक नको, सिनेमा संपूर्ण परिणामाने जोखा. चांगली आहेत. फक्त त्यातून १६ कसा निघतो ते कुठे लिहिलेलं नाही.

मला राग आकड्याचा नाही. आकडा कुठेतरी लावावाच लागतो, मतदानाला १८ लावतोच की. माझी तक्रार अशी आहे की विचार करायचं काम पालकावर टाकलं आणि विचार करायला लागणारा माल दिला नाही. अमेरिकेत १९९०पासून आकड्याशेजारी एक ओळ असते, हा आकडा कशामुळे ते सांगणारी. आपल्याकडेही मोबाइलवर मालिका लावली की कोपऱ्यात येतं, 'हिंसा, शिवीगाळ'. २०२१च्या नियमांनी ते सक्तीचं केलं. माझ्या हातातल्या थिएटरच्या तिकिटावर मात्र फक्त १६+. शिव्यांसाठी की छळासाठी? 'शेवटचा अर्धा तास छळाचे तपशीलवार प्रसंग' एवढी एक ओळ असती, तर ताईने नक्की विचार केला असता. कदाचित पोराला नेलंच असतं, पण शेवटच्या भागात मी त्याला पॉपकॉर्नच्या निमित्ताने बाहेर काढला असता.

गेमचं तर अजून पुढचं. तिथला इतिहासही असाच, फक्त नावं वेगळी. १९९२ साली 'मॉर्टल कॉम्बॅट' आला. हरलेल्याचं डोकं मणक्यासकट उपटायचं, असा तो खेळ. पुढच्या वर्षी तो घरच्या यंत्रांवर आला. निंटेंडोने रक्ताच्या जागी घाम केला. सेगाने रक्त लपवलं आणि बटणांचा एक गुप्त क्रम ठेवला, तो दाबला की रक्त सुरू. कोणाचा जास्त खपला हे सांगायला नको. अमेरिकन सिनेटर जोसेफ लिबरमन यांच्या कार्यालयातल्या एका माणसाच्या नऊ वर्षांच्या मुलाने हा गेम मागितला, बापाने तो लिबरमनना दाखवला, आणि डिसेंबर १९९३मध्ये सिनेटमध्ये सुनावणी झाली. निंटेंडो आणि सेगाचे अधिकारी तिथे एकमेकांवरच घसरले. लिबरमन म्हणाले, तुम्ही वयाची पद्धत लावा, नाहीतर सरकार लावेल. १९९४मध्ये गेमवाल्यांनी आपलं मंडळ काढलं. हा तिसरा १९१२.

हे मंडळ गेम कसे तपासतं ते ऐका. खेळून नव्हे. कंपनीच प्रश्नावली भरून देते आणि गेममधल्या सगळ्यात भडक भागांचा व्हिडिओ देते, तो बघून आकडा ठरतो. पन्नास-शंभर तासांचा गेम कोण खेळत बसणार? त्यात निदान माणूस व्हिडिओ तरी बघतो. मोबाइलवरच्या गेमचं तर तेही नाही. प्ले स्टोअरवर २०१५पासून गेम बनवणारा स्वतः एक प्रश्नावली भरतो. रक्त आहे का, माणसं मरतात का, जुगार आहे का. उत्तरांवरून संगणक आकडा काढतो, आणि एकाच उत्तरांवर अमेरिकेला एक, जर्मनीला दुसरा आणि आपल्याला तिसरा आकडा दिसू शकतो. चुकीचं भरलं तर नंतर तपासून बदलतात, पण आधी कोणी बघत नाही. भारतात गेमचं वय ठरवणारं कायद्याने नेमलेलं मंडळ नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. पबजीवर २०२०मध्ये बंदी आली तीसुद्धा मुलांसाठी नव्हे, चीनसाठी.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कॅलिफोर्नियाचा हिंसक गेम मुलांना विकण्यावरचा बंदीचा कायदा रद्द केला. त्यात न्या. स्कॅलिया यांनी लिहिलं की मुलांच्या परीकथाही काही कमी रक्ताळ नाहीत. खरंच आहे. नरसिंहाने मांडीवर घेऊन पोट फाडलेलं आपण चौथ्या वर्षी ऐकलंय. पण ते आजीच्या मांडीवर, तिच्या तोंडून. आपला चेहरा बघून ती कुठे थांबायचं ते ठरवायची.

गेल्या रविवारी भाच्याने मोबाइल आणून दिला. "मामा, हा टाकून दे ना, सगळ्यांकडे आहे." चित्रात बंदूक घेतलेला माणूस, खाली १२+. मी म्हटलं आधी मी खेळतो. दोन तास खेळलो. मग ताईला फोन करून त्यात काय काय आहे ते एकेक सांगितलं. ती म्हणाली, "दाजींना विचारून सांगते." अजून सांगितलेलं नाही.